चार थेंब तूप

मला कुणी यशाबद्दल विचारलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. हल्ली विचारतातही. बचत गटाच्या मेळाव्यात शाल-नारळ देऊन झाला की माईक पुढे येतो आणि ताई, तुमच्या यशाचं रहस्य सांगा, म्हणतात. मी चिकाटी, घरच्यांची साथ असं काहीतरी बोलते, टाळ्या पडतात, मी घाम पुसत खाली येऊन बसते. खरं उत्तर असं आहे की मला भीती वाटते आणि ती वाटत राहते म्हणून बेकरी अजून चालू आहे. पण हे माईकवरून सांगितलं तर पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतील, म्हणून इथे लिहिते.

मी मुळातलीच भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई. लग्न होऊन या किनाऱ्यावर आले तेव्हा समुद्राच्या आवाजाने झोप लागत नसे. नवरा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने घरी नाही, त्यामुळे तेही एक भ्यायचं खातं कायम उघडं. अशा माणसाने धंदा काढू नये हे मला कळत होतं. तरी काढला, कारण रिकामं बसलं की माझी भीती अजून वाढते. हाताला काम असलं की निदान ती एका जागी बसते.

बेकरी आमच्या घराच्या पडवीत आहे, तोंडवलीच्या अलीकडे. मुंबईत असताना मी केक-बिस्किटं करायला शिकले होते, इकडे आल्यावर वाढदिवसाच्या ऑर्डरी घ्यायचे. मग किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये योगाची शिबिरं सुरू झाली. तिथल्या बाई एक दिवस आल्या आणि दूध, लोणी, अंडं, मध यातलं काहीही नसलेला केक करता येईल का, असं विचारायला लागल्या. दर आठवड्याला घेऊ म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि त्या गेल्यावर पडवीत डोक्याला हात लावून बसले.

पण जमलं. आपल्याकडे नारळाला तोटा नाही. नारळाच्या घट्ट दुधात कोकमाचं आगळ घातलं की ते ताकासारखं फाटतं, सोड्याला भेटलं की फसफसतं आणि केक हलका होतो. अंड्याच्या जागी पिकलेलं केळं, लोण्याच्या जागी खोबरेल, वरच्या मलईला भिजवून वाटलेले काजू. नाचणी आणि गुळाचा केक तर इतका चांगला व्हायला लागला की मी दारावर पाटीच लावली, व्हेगन बेकरी. माझ्यासाठी तो पाटीवरचा शब्द होता. पर्यटकांना आवडतो, गोव्याहून येणारे गाडी थांबवतात, एवढंच त्याचं मोल.

गावाला मात्र फार करमणूक झाली. माझी थोरली जाऊ, तिला मी वैनी म्हणते, आमच्याच घराच्या दुसऱ्या भागात राहते. तिने पहिल्या दिवशी केकाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "गो, दूध नाय, अंडा नाय, लोणी नाय. मगे ह्येच्यात घालतस काय, वारो?" आणि दुसरा तुकडा उचलला. महिन्याभरात ती पडवीत माझ्या बरोबरीने राबायला लागली. नारळ खवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. स्वभावाने माझ्या अगदी उलट. कशालाच भीत नाही. वीज गेली, पीठ सांडलं, ऑर्डर रद्द झाली, तिचं एकच, "देवाक काळजी." मी चिडायचे. देवाला काळजी असेल, पण केक मला पोचवायचा असतो.

फोंडाघाटाहून फोन आला तो पहिला पावसाळा संपल्यावर. बाईचा आवाज होता, फार शांत. तिने केकाची चव विचारली नाही, रंग विचारला नाही. भांडी वेगळी आहेत का, विचारलं. ज्या फडक्याने ओटा पुसता त्याने दुधाचं काही पुसता का, विचारलं. मग सांगितलं की तिच्या मुलाला दुधाचं काहीही चालत नाही. पोट बिघडतं अशातलं नव्हे. शेजारच्या वाढदिवसाला त्याने बोटभर मलई चाटली होती, तेवढ्याने ओठ सुजले, श्वास कोंडला, आणि कणकवलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर निळं पडलं होतं. "पहिलीत आहे," ती म्हणाली. "त्याने अजून केक खाल्लेला नाही. दुसऱ्यांचा बघतो फक्त."

मी त्या दिवशी पडवीत नियम केला. दुधाचं काही आत आणायचं नाही. चहासुद्धा बाहेर अंगणात प्यायचा आणि हात धुऊन आत यायचं. वैनीला सगळं सांगितलं, पोर कसं निळं पडलं तेही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. एकदा भावोजी, म्हणजे तिचा नवरा, चहाचा कप घेऊन पडवीच्या पायरीवर टेकले तर तिने त्यांना असं काही हाणलं शब्दांनी की ते कपासकट माडाखाली गेले.

मग त्या बाईच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी माझा खोका जायला लागला. कधी बिस्किटं, कधी छोटे केक. मालवणहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, ती फोंड्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायची. मुलाचा फोटो पाठवायची, गालाला गूळ लागलेला. माझ्या मनात तेव्हा काय यायचं ते सांगते. वाटायचं, हे यश. रिसॉर्टच्या बाई काय, आज घेतात, उद्या दुसरीकडून घेतील. पण कुठल्या तरी घाटाच्या पायथ्याला एक आई आपलं पोर माझ्या भरवशावर सोडते आहे. मला त्याची ऐट होती. मेळाव्यात बोलताना त्या मुलाची गोष्ट मी सांगायचे आणि बायका हळहळायच्या, तेव्हा आतून बरं वाटायचं.

त्याच्या वाढदिवसाला तिने मोठा केक मागवला. पहिल्यांदाच. नाचणी-गुळाचाच, वर काजूची मलई. मी एकच केक भाजला त्या सकाळी, दुसरं काही लावलंच नाही. गरम केक जाळीवर ठेवून मी आंघोळीला गेले. आल्यावर मलई लावली, खोका बांधला, भावोजी मासळीचा टेम्पो घेऊन मालवणला निघालेच होते, त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो स्टँडवर ड्रायव्हरच्या हातात ठेवला, आपलं काम उरकून घरी आले आणि पेज जेवायला बसले. मी पडवी आवरायला घेतली.

जाळीच्या मागे, खिडकीच्या कठड्यावर एक छोटी स्टीलची वाटी होती. तळाशी पिवळट काहीतरी थिजलेलं. मी वास घेतला आणि माझे हात गार पडले. तूप होतं.

वैनी मागच्या पडवीत नारळ सोलत होती. मी वाटी तिच्यापुढे धरली.

"अगो, ती थंयच ऱ्हवली मां," ती म्हणाली. "हाड हकडे," आणि वाटी घ्यायला हात पुढे केला.

"हे तूप आत कशाला आणलंत?"

"केकार सोडलंय चार थेंब. पोराच्या वाढदिसाचा खाणा, कोरडा धाडूचा नसता." आणि मग माझं तोंड बघून, "तुका काय झाला गो? अशी पांढरी कित्याक पडलंस?"

आमच्याकडे सणाचं पान वाढलं की भातावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. अन्नशुद्धी म्हणतात. नैवेद्य असो की लग्नाची पंगत, ते चमचाभर तूप फिरलं की अन्न शुद्ध झालं, खाणाऱ्याला बाधत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, मीही त्याच पंगतींत जेवले आहे. दुधाचा नियम वैनीने डोळ्यांत तेल घालून पाळला होता. पण तूप तिच्या लेखी दूध नव्हतंच. ज्याला दूध सोसत नाही त्याला तूप सोसतं, असं इथे सगळ्या बायका सांगतात. बाळंतिणीला तूप, तान्ह्याच्या टाळूवर तूप, आजाऱ्याच्या भातावर तूप. त्या निळ्या पडलेल्या पोराची काळजी वाटली म्हणूनच तिने घरच्या गाईचं तूप कढवून आणलं होतं.

"वैनी, तुपाने मरेल तो," मी म्हणाले.

ती हसली. मला वाटतं, मी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं. मग हसू जागच्या जागी राहिलं आणि हातातली कोयती खाली आली.

"तूप शिवराक मां?" ती हळू आवाजात म्हणाली. शिवराक म्हणजे आमच्याकडे शाकाहारी, सोवळ्याचं. "मी तर दर घाण्याच्या पयल्या केकार सोडतंय. कोणाक काय झाला नाय."

दर घाण्याच्या. म्हणजे वर्षभर त्या पडवीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतला एक केक तुपाचा होता, आणि तो त्या मुलाच्या खोक्यात गेला नाही ही केवळ खोके भरण्याच्या क्रमाची मेहेरबानी. पण आज एकच केक होता. आज पहिलाही तोच.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. केक देऊ नका, त्यात चुकून तूप पडलं आहे, असा निरोप लिहून पाठवला. तूप हा शब्द लिहिताना तीनदा चुकला. निरोप गेल्याची एकच खूण दिसत होती, वाचल्याची नाही. एसटीच्या ड्रायव्हरचा नंबर भावोजींकडे नव्हता. गाडीतून सामान पाठवायला कोण नंबर घेतं?

भावोजींनी जेवण तसंच टाकलं. "बसा गाडयेत," एवढंच म्हणाले. "आचऱ्यावरसून गेलो तर कणकवलेक गाडी गावात." गावात म्हणजे सापडेल.

आम्ही तिघं टेम्पोच्या पुढच्या बाकावर. मागे रिकामे खोके खडखडत होते आणि सगळ्या गाडीला बांगड्याचा वास. मी मधोमध, फोन मांडीवर, दर वळणाला पुन्हा लावत होते. वैनी खिडकीपाशी बसली होती, तिचा पदर तोंडावर. एरवी ती गाडीत बसली की रस्त्यावरच्या प्रत्येक घराची कुळकथा सांगते. त्या दिवशी एक अक्षर नाही. मला तिचा राग येत होता आणि तो काढायची भीतीही वाटत होती, कारण काढला असता तर थांबला नसता.

डोळ्यांपुढे सारखं तेच. सुरी, टाळ्या, आईच्या हातातला पहिला घास. वाढदिवसाचा पहिला घास मुलालाच भरवतात. आणि ती बिनधास्त भरवणार, कारण केक माझा. आपल्यावरचा विश्वास ही अशी धोक्याची वस्तू असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मला ती शालीसारखी अंगावर मिरवायची गोष्ट वाटत होती. आता वाटत होतं, तिने विश्वास ठेवला नसता तर किती बरं झालं असतं.

फोन वाजला तेव्हा मी किंचाळलेच. तिचा नव्हता. बांद्याच्या दुकानदाराचा होता. हायवेवर, गोव्याच्या हद्दीच्या अलीकडे त्याचं मोठं दुकान आहे आणि त्याच्याकडे माझा माल लागावा म्हणून मी कित्येक महिने खेटे घालत होते. तो अगदी खुशीत होता. ताई, नक्की झालं, आता रोजचा माल द्या, वेगळं कपाट देतो, व्हेगनला फार मागणी आहे. अभिनंदन, म्हणाला. मी हो हो म्हणत फोन बंद केला. इतके दिवस ज्या फोनची वाट बघत होते तो आला होता आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं की लाइन अडवू नका.

"कोण?" वैनीने विचारलं.

"बांद्याचा. माल घेतो म्हणाला."

थोड्या वेळाने तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात माझ्याइतकाच गार होता. कशालाही न भिणारी बाई भ्याली आहे हे कळलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. भावोजी समोर बघतच म्हणाले, "भिया नको गो. पोचतंव." पण त्यांनीही हॉर्नवरचा हात काढला नव्हता.

कणकवलीला गाडी येऊन गेली होती. फोंड्याच्या स्टँडवर पोचलो तेव्हा तिथेही नव्हती. घाट चढायला लागली होती. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, खोका ना, बाई येऊन घेऊन गेल्या की मघाच. घर त्यानेच दाखवलं, बाजाराच्या मागच्या आळीत.

दार उघडं होतं. दाराला फुगे. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर माझा खोका उघडून ठेवलेला आणि शेजारी केक. एका कडेने फोड कापलेली होती आणि ती फोड तिथे नव्हती.

मी भिंत धरली. माझ्या मागून वैनी आली, तिनेही पाहिलं, आणि खाली जमिनीवर बसली.

आतून बाई आली. फोटोत कधी ती दिसली नव्हती, मुलगाच असायचा. माझ्याहून लहान, केस कसेतरी वर बांधलेले. तिने मला ओळखलं असावं, कारण कोण, काय विचारलं नाही. म्हणाली, "या. मागे आहे तो."

मागच्या अंगणात नळाजवळच्या कट्ट्यावर मुलगा बसला होता. नवा शर्ट, एक बाही वर दुमडलेली. कोपराच्या आतल्या बाजूला लालभडक गांधी उठल्या होत्या आणि तो त्यांच्यावर ओला रुमाल धरून बसला होता. श्वास सरळ चालला होता. ओठ बरे होते. मी त्याचे ओठच बघत राहिले.

"खाल्ला नाही त्याने," आई म्हणाली. "मी आधी हातावर घासून बघते. घासते आणि थांबते. मग ओठाला लावते, पुन्हा थांबते. बाहेरचं काहीही आलं तरी."

"माझंही?"

"तुमचंही. पहिल्यापासून." मग जरा ओशाळून, "तुमचे फोन वाजत होते. पण मी त्याच्या हाताकडे बघत होते."

मी तिथेच कट्ट्याच्या कडेला टेकले आणि रडले. मोठ्याने, लहान मुलासारखी. मुलगा माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागला. वर्षभर मी ज्याची ऐट मिरवली ते या घरात कधी नव्हतंच. तिने माझ्यावर भरवसा ठेवला नव्हता, एका खोक्यालाही नाही, आणि म्हणून तिचं पोर नव्या शर्टात समोर बसलं होतं.

वैनी पुढे झाली. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "बाये, चूक माझी. हिका काय म्हायत नव्हता. तूप मीच सोडलंय. शुद्ध म्हणान सोडलंय." आणि दोन्ही हात जोडले. माझ्या थोरल्या जावेने देवाखेरीज कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

त्या बाईने रागवावं असं मला वाटत होतं. ओरडली असती तर सोसलं असतं. ती म्हणाली, "माझ्या सासूबाईही असंच करायच्या. चोरून त्याच्या भातावर तूप घालायच्या, पोरगं कुपोषित दिसतं म्हणून." मग तिने आम्हाला पाणी दिलं. निघताना मी केकाचा खोका उचलला. दारात मुलाने विचारलं, "केक परत नेताय?" आई म्हणाली, "येत्या रविवारी या. इथे करा. माझ्या भांड्यांत, माझ्यासमोर."

तो आठवडा कसा गेला ते सांगता येणार नाही. रिसॉर्टच्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या आठवड्याची ऑर्डर त्यांनी बंद केली, नंतर पुढच्याही. बांद्याच्या दुकानदारालाही सांगितलं. तो हसला. "चार थेंब तुपान काय होता ओ ताई? तूपच मां, अंडा तर नाय. कोणाक सांगू नका म्हणजे झाला." त्याच्या दृष्टीने विषय संपला होता, कपाट तयार होतं. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवायला बघते. रोज ढिगाने माल जाणार, तो कुणाच्या हातात पडणार मला कधी कळणार नाही, आणि त्या हातांतला एखादा हात असा गांधी उठणारा असणार. ती भीती मला पेलवणारी नव्हती. वैनीला वाटलं तिच्यामुळे माझा धंदा बुडाला. तिने तुपाचं भांडं घरातून काढून बहिणीकडे नेऊन ठेवलं, भावोजी बिचारे महिनाभर कोरडा भात जेवले.

रविवारी आम्ही दोघी फोंड्याला गेलो, एसटीने. वैनीला मी येऊ नका म्हटलं होतं. ती ऐकणाऱ्यांतली नाही. गेल्या गेल्या तिने नळाखाली कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पुसले, परत धुतले, आणि ते हात त्या आईपुढे धरले, शाळेत नखं तपासायला धरतात तसे. आईने खरंच बघितले. मग नारळ दिला.

तिच्याकडे ओव्हन नव्हता. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून त्यात भांडं ठेवलं. पीठ तिचं, गूळ तिचा, आगळ तिच्या बरणीतलं. मी फक्त ढवळत होते आणि ती प्रत्येक चमचा माझ्या हातात द्यायच्या आधी उजेडात धरून बघत होती. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कुकरकडे बघत होता. केक मधे जरासा बसला. एरवी मी तो कुणाला दाखवलाही नसता.

निवल्यावर आईने कणभर तुकडा घेतला, मुलाची बाही वर केली आणि चोळला. आम्ही तिघी त्या हाताभोवती बसलो. बाहेर घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता. वैनीचे ओठ हलत होते. मुलगा कंटाळला, पाय हलवायला लागला, मग स्वतःच हाताकडे बघायला लागला. हात स्वच्छ होता. तिने त्याच्या ओठाला कण लावला आणि आम्ही पुन्हा थांबलो. ओठ तसेच होते. त्याने जीभ बाहेर काढून कण चाटायचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्याला दटावलं.

मग तिने सुरी उचलली. फोड कापली, हातात घेतली, आणि मुलाकडे न बघता माझ्याकडे वळली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "देऊ?"

भांडी तिची होती, पीठ तिचं होतं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तरी तिने मला विचारलं. मी त्या हाताकडे पाहिलं, ओठांकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं.

"अजून थोडं थांबू या," मी म्हणाले.

मुलाने हिरमुसून तोंड फिरवलं. तिने मात्र फोड ताटलीत परत ठेवली आणि माझ्या शेजारी सरकून बसली.